प्रत कोणती पाहिलीत, तेही लिहा

घरी बसून भयपट पाहणाऱ्या आणि त्यांविषयी जाहीरपणे मत नोंदवणाऱ्या सर्व प्रेक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

कमी खर्चाचे स्वतंत्र भयपट आपण सारे बहुतेक वेळा घरीच पाहतो. चार मित्रांनी पदरमोड करून, पाडायला काढलेल्या एखाद्या घरात किंवा गावाबाहेरच्या रानात काढलेला चित्रपट चित्रपटगृहात लागलाच तर आठवडाभर लागतो, आणि तोही बहुधा दूरच्या एखाद्या देशात. आपल्यापर्यंत तो येतो तो डिस्कवरून, नाहीतर ओटीटीवरून, रात्री घरातली मंडळी झोपल्यानंतर. पाहून झाला की आपण तारे देतो, दोन-चार ओळी लिहितो, आणि त्या ओळी वाचून पुढचा कोणीतरी तो पाहायचा की नाही हे ठरवतो. त्या ओळींविषयी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. चित्रपट कसा वाटला हे लिहिताना आपण त्याची कोणती प्रत पाहिली, हेही कृपया लिहावे. आणि एखादा दोष दाखवण्याआधी तो चित्रपटाचा आहे की आपल्या घरापर्यंत पोहोचलेल्या प्रतीचा, हे एकदा तपासून पाहावे.

ही विनंती करण्याची गरज मला स्वतःच्या चुकीमुळे कळली. २००४ साली मिरजेला आमच्या घरी मी आणि माझ्या धाकट्या भावाने जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा, मेलेली माणसे उठून जिवंतांवर चालून येतात अशा कथेचा, भयपट एका स्वस्तातल्या व्हीसीडीवर पाहिला. चित्रपट ९६ मिनिटांचा आणि व्हीसीडीच्या एका तबकडीवर मावणार ७४ ते ८० मिनिटे, म्हणून तो दोन तबकड्यांत तोडलेला होता. घरात अडकलेली माणसे दूरचित्रवाणीवरच्या बातम्या ऐकत असतानाच पहिली तबकडी संपली, आणि भाऊ दुसरी लावायला उठला. चित्र जेमतेम ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे होते. आवाज भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. मी तेव्हा पाहिलेल्या चित्रपटांची वही ठेवत असे आणि काही वर्षांनी त्या वहीतल्या नोंदी जशाच्या तशा सार्वजनिकही केल्या. त्यात या चित्रपटाविषयी मी लिहिले होते की छायाचित्रण निकृष्ट आहे, रात्रीच्या प्रसंगांत काही दिसत नाही, आणि प्रमुख अभिनेत्याच्या चेहऱ्यावर फारसे भाव उमटत नाहीत.

या तिन्ही विधानांत मी जे दोष दाखवले होते, ते त्या व्हीसीडीचे होते. मी ते रोमेरो यांच्या, त्यांच्या सहकाऱ्यांच्या आणि ड्वेन जोन्स या अभिनेत्याच्या नावावर मांडले. माझी नोंद वाचून किती जणांनी हा चित्रपट बाजूला ठेवला असेल, हे मला कधीच कळणार नाही.

ज्या माणसांवर मी हा आरोप केला, त्यांची हकिगत थोडक्यात सांगते, कारण घरी पोहोचणारी प्रत आणि तिच्याविषयीचे मत यांचा गुंता या एका चित्रपटाच्या वाट्याला जितका आला, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या चित्रपटाच्या वाट्याला आला असेल. रोमेरो आणि त्यांचे मित्र अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जाहिराती आणि उद्योगांसाठीचे लघुपट काढत. स्वतःचा पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचा म्हणून दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले आणि 'इमेज टेन' नावाची कंपनी काढली. पुढे आणखी लोक जोडले गेले आणि एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलरवर गेला. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या इव्हान्स सिटीच्या परिसरात चित्रीकरण झाले. ज्या शेतघरात चित्रपट घडतो ते पाडायलाच काढलेले होते, म्हणून त्याची मोडतोड करायला मुभा मिळाली. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले गेले, कारण कृष्णधवल फिल्मवर ते रक्तासारखेच दिसते. मात्र चित्रीकरण होते ते ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, आणि ही माणसे रोज जाहिराती काढणारी असल्यामुळे त्यांना प्रकाशयोजना उत्तम येत होती. पैसा कमी होता. कसब कमी नव्हते.

वितरक शोधताना चित्रपटाचे नाव वेगळे होते. वॉल्टर रीड या वितरण कंपनीने ते बदलले, नव्या नावाची पाटी तयार झाली, आणि जुन्या पाटीवर नावाखाली असलेली स्वामित्वहक्काची सूचना नव्या पाटीवर घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार अशा सूचनेविना प्रदर्शित झालेल्या कृतीवरचा हक्कच जात असे. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये चित्रपट लागला, जगभर चालला, कोट्यवधी डॉलर कमावू लागला, आणि तो कोणाच्याच मालकीचा नव्हता. घरोघरी व्हिडिओ आल्यावर याचा अर्थ स्पष्ट झाला. ज्याच्याकडे जुनी प्रिंट आणि टेप भरण्याचे यंत्र असेल, त्या कोणालाही हा चित्रपट विकता येत होता, आणि अक्षरशः शेकडो आवृत्त्या निघाल्या. मूळ निगेटिव्हकडे परत जाण्यासाठी खर्च करावा, असे त्यांतल्या बहुतेकांना वाटण्याचे काही कारणच नव्हते. मला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: हाच बेवारसपणा नसता, तर हा चित्रपट मिरजेतल्या आमच्या घरी स्वस्तात पोहोचलाही नसता.

प्रतीवरून प्रत काढली की नेमके काय होते, हे माहीत असलेले बरे. निगेटिव्हवरून प्रिंट, प्रिंटवरून दुसरे निगेटिव्ह, त्यावरून १६ मिलिमीटरची लहान प्रिंट, तीवरून टेप, टेपवरून व्हीसीडी. प्रत्येक पायरीवर करड्या रंगाच्या छटा गळत जातात. जे फिकट आहे ते पांढरेफट्ट होते, जे गडद आहे ते काळेठिक्कर होते आणि मधले सारे नाहीसे होते. कडा कापल्या जातात. आपल्याकडे चालणाऱ्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या टेपांवर आणि डिस्कवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ फ्रेमने पळवला जात असे, त्यामुळे ९६ मिनिटांचा चित्रपट ९२ मिनिटांत संपत असे आणि माणसांचे आवाज किंचित बारीक होत असत. यातला कुठलाही दोष प्रेक्षकाला 'प्रतीचा दोष' म्हणून ओळखू येत नाही. त्याला फक्त चित्रपट वाईट दिसतो. त्यातून चित्रपट कमी खर्चाचा आहे हे आधीच माहीत असेल, तर कारण शोधण्याचीही गरज वाटत नाही: पैसे नव्हते, म्हणून असा दिसतो. मोठ्या कंपनीच्या चित्रपटाची प्रत खराब निघाली तर आपण डिस्कवाल्याला दोष देतो. गरिबाच्या चित्रपटाची प्रत खराब निघाली तर आपण गरिबालाच दोष देतो. मला सर्वांत जास्त खटकते ते हे, आणि मी स्वतः तेच केले होते.

न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांनी स्थापन केलेली फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून या चित्रपटाचे फोर-के रिस्टोरेशन, म्हणजे अतिशय बारीक तपशील टिपणारे डिजिटल पुनरुज्जीवन, केले. ते २०१६ मध्ये त्याच म्युझियममध्ये दाखवले गेले. रोमेरो यांनी आणि त्यांच्या मूळ सहकाऱ्यांनी त्या कामावर स्वतः देखरेख केली होती. २०१७ च्या जुलैमध्ये रोमेरो गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने ती प्रत ब्लू-रेवर आणली आणि २०२२ मध्ये फोर-के डिस्कवरही आणली. ती मी पाहिली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच चित्रपट थांबवून काही वेळ नुसती बसून राहिले.

सुरुवातीच्या स्मशानातल्या दृश्यात गवताचे पातेन् पाते दिसत होते. पण मला हलवून सोडले ते रात्रीच्या दृश्यांनी. घराभोवती जमणारी मेलेली माणसे माझ्या व्हीसीडीवर नुसते काळे आकार होती, आणि काळ्या आकारांची भीती वाटते ती काळोखाची भीती असते. या प्रतीत त्यांचे कपडे दिसतात. कोणी सूट घातलेला आहे, कोणी झोपायच्या कपड्यांत आहे, कोणी नुकतीच घरातून उठून आल्यासारखी दिसते. ती त्याच गावातली माणसे आहेत. हा चित्रपट ज्या भयाविषयी आहे, ते भय हेच आहे: दारावर थापा मारणारा हा कालपर्यंत शेजारी होता. माझ्या प्रतीत ही गोष्ट पुसली गेली होती, म्हणजे चित्रपटाचा गाभाच पुसला गेला होता, आणि मी उरलेल्या सालीवर मत दिले होते.

ड्वेन जोन्स यांच्याविषयी तर मला अधिकच वाईट वाटते. १९६८ च्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय अभिनेत्याने भयपटाचा नायक व्हावे, घरातल्या सर्वांना हुकूम द्यावेत, आणि त्याच्या वर्णाविषयी संवादांत अवाक्षरही येऊ नये, ही साधी गोष्ट नव्हती. पूर्ण झालेल्या चित्रपटाची प्रिंट गाडीत घालून न्यूयॉर्कला जात असताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी रेडिओवर ऐकल्याचे रोमेरो पुढे अनेकदा सांगत. गडद छटा गिळून टाकणाऱ्या खराब प्रतीत सर्वांत आधी कोणाच्या चेहऱ्यावरचे बारकावे जातील? त्यांच्याच. 'भाव उमटत नाहीत' असे मी लिहिले तेव्हा भाव उमटलेले होते. माझ्यापर्यंत पोहोचलेल्या तबकडीवर चेहऱ्याचा अर्धा भाग शिल्लक नव्हता. नव्या प्रतीत तो थकवा, तो आवरलेला राग, आणि रेडिओ हाताळतानाची ती शांत एकाग्रता पाहिली, तेव्हा मला माझ्या वहीतली ती ओळ आठवली.

आणखी एक. चित्रपटाच्या शेवटी हलते चित्र थांबते आणि वर्तमानपत्रात छापून आलेल्या फोटोंसारखी खरखरीत स्थिर चित्रे येतात. आतापर्यंत आपण ज्यांच्यासोबत घरात होतो, ती माणसे एका क्षणात बातमीतला मजकूर होऊन जातात. हा शेवट निर्मात्यांनी अगदी विचारपूर्वक केलेला आहे. पण ज्या प्रतीत पहिल्या मिनिटापासून सगळेच खरखरीत आहे, त्या प्रतीत शेवटी काही बदलतच नाही. मी आणि माझ्या भावाने त्या चित्रांकडे श्रेयनामावलीची पार्श्वभूमी म्हणून पाहिले आणि टीव्ही बंद केला.

आता प्रेक्षकांनी काय केले तेही सांगायला हवे, कारण माझी विनंती नवी नाही. १९८६ मध्ये या चित्रपटाची एक रंगवलेली आवृत्ती निघाली, त्यात मेलेल्यांची त्वचा हिरवी केली होती. १९९९ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनाच्या नावाने आणखी एक आवृत्ती आली. तीत मूळ चित्रपटातली काही मिनिटे काढून नव्याने चित्रित केलेले प्रसंग घातले होते आणि संगीतही बदलले होते. हे काम मूळ पटकथेच्या दोन लेखकांपैकी एकाने पुढाकार घेऊन केलेले होते. रोमेरो त्यात नव्हते. ज्यांनी ती घरी पाहिली, त्यांनी ती जवळपास एकमुखाने नाकारली. नाकारताना त्यांनी अगदी काटेकोर भाषा वापरली. चित्रपट वाईट आहे असे ते म्हणाले नाहीत. ही आवृत्ती घेऊ नका, मूळ चित्रपट घ्या, असे ते म्हणाले. त्याच्या आधी, १९९४ मध्ये, एलिट या कंपनीने चांगल्या साहित्यावरून लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) काढली होती आणि पुढे २००२ मध्ये डीव्हीडी काढली. शेकडो भिकार आवृत्त्यांच्या ढिगातून त्या बाजूला काढण्याचे काम चाहत्यांनी एकमेकांना सांगून केले. कोणत्याही सरकारी यादीने ते केले नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत हा चित्रपट १९९९ मध्ये गेला खरा, पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कोणती डिस्क उचलावी हे ती नोंदणी सांगत नाही. ते दुसरा प्रेक्षकच सांगतो.

म्हणून आजच्या मतांकडे पाहून माझा जीव तुटतो. खरेदीच्या संकेतस्थळांवर एकाच चित्रपटाच्या सगळ्या आवृत्त्यांवरची मते बऱ्याचदा एकत्र ओतलेली असतात. एकाने रंगवलेल्या आवृत्तीला शिव्या दिलेल्या असतात, दुसऱ्याने खोक्याचा कोपरा चेपल्याबद्दल एक तारा दिलेला असतो, तिसऱ्याला डिस्क चालली नाही, चौथ्याने रिस्टोर केलेल्या प्रतीचे मनापासून कौतुक केलेले असते, आणि या सगळ्यांची सरासरी काढून ती चित्रपटाच्या नावापुढे लावली जाते. ही व्यवस्था आपण बदलू शकत नाही. पण 'मी अमुक साली निघालेली अमुक कंपनीची डिस्क पाहिली' एवढे पहिल्या वाक्यात लिहिणे आपल्याच हातात आहे.

नव्या चित्रपटांच्या बाबतीत प्रश्न थोडा वेगळा आहे. काईल एडवर्ड बॉल या कॅनडातल्या दिग्दर्शकाने एडमंटनमधल्या आपल्या आई-वडिलांच्या घरात, लोकवर्गणीतून जमवलेल्या सुमारे १५ हजार डॉलरमध्ये 'स्किनामरिंक' हा भयपट केला. २०२२ च्या जुलैमध्ये तो माँट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात दाखवला गेला, नंतर दुसऱ्या एका महोत्सवाच्या ऑनलाइन खेळातून त्याची प्रत चोरीला गेली, त्या प्रतीतले तुकडे समाजमाध्यमांवर फिरले, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो चित्रपटगृहांत व पुढच्याच महिन्यात शडर या भयपटांच्या ओटीटी मंचावर आला. घरी पाहणाऱ्यांची मते टोकाची होती. काहींना रात्रभर झोप लागली नाही, काहींना यात काही घडतच नाही असे वाटले. दोन्ही मते मला मान्य आहेत. हा चित्रपट सर्वांसाठी नाही, आणि कंटाळा आला तर कंटाळा आला असे लिहिण्याचा प्रत्येकाला पूर्ण हक्क आहे.

पण त्या मतांमध्ये 'चित्र खराब आहे, नुसते ठिपके हलताना दिसतात' ही तक्रारही वारंवार आली. ते ठिपके म्हणजेच चित्रपट आहे. अंधाऱ्या मार्गिकेकडे, छताच्या कोपऱ्याकडे आपण टक लावून पाहत राहतो, आणि त्या सळसळत्या ग्रेनमध्ये, म्हणजे चित्रातल्या बारीक कणांच्या खरखरीत, काहीतरी आहे की आपल्यालाच भास होतो आहे, हे न कळणे हीच त्याची भीती आहे. लहान मुलांच्या कुजबुजीतल्या काही वाक्यांखाली अक्षरे येतात आणि काहींखाली मुद्दाम येत नाहीत. आता असे चित्र इंटरनेटवरून पाठवणे फार अवघड असते. ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो, त्यामुळे त्याला माहिती खूप लागते. वेग कमी पडला की यंत्रणा तो ग्रेन पुसते आणि त्याच्या जागी करड्या रंगाचे चौकोनी डाग येतात. मग भुताऐवजी डाग दिसतात. ज्याने चोरीची, दाबून लहान केलेली फाइल पाहिली किंवा ज्याचा इंटरनेटचा वेग त्या रात्री कमी होता, त्याने काय पाहिले? मी म्हणेन, त्याने हा चित्रपट पाहिलाच नाही. चोरीच्या प्रतीवरून जाहीर मत देऊ नये, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे, आणि त्यामागे नीतीइतकेच हे व्यावहारिक कारणही आहे.

इथे आपल्या बाजूची जबाबदारीही येते. दुपारच्या उजेडात, टीव्हीवर दुकानातून आणताना होती तीच भडक रंगांची योजना तशीच ठेवून, हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू ठेवून पाहिलेला भयपट घाबरवत नाही, यात नवल नाही. एसटीत मोबाइलवर पाहिला असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही. उलट वाचणाऱ्याला त्या मताचे वजन नेमके कळते.

चांगली प्रत म्हणजे काय, याविषयीही आपल्यात मोठा गैरसमज आहे, आणि त्याचा त्रास 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ला झाला. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत तो चित्रित झाला. कलाकारांनीच हाय-एट व्हिडिओ कॅमेरा आणि १६ मिलिमीटरचा कृष्णधवल कॅमेरा हाताळला. अशा चित्रपटाची ब्लू-रे घेऊन 'चित्र स्वच्छ नाही' असे लिहिणाऱ्यांना मी विचारू इच्छिते, की ते कशासारखे स्वच्छ असायला हवे होते? घरगुती व्हिडिओची ती खरखर हीच त्या चित्रपटाची साक्ष आहे: तीन विद्यार्थी हरवले आणि मागे एवढेच राहिले. २०२४ मध्ये सेकंड साइट या ब्रिटिश कंपनीने दिग्दर्शकांच्या सहभागाने, मूळ हाय-एट आणि १६ मिलिमीटरच्या साहित्याकडे परत जाऊन याची नवी आवृत्ती काढली. तिचे मोल तिच्या झळाळीत नाही. व्हिडिओ तिथे व्हिडिओसारखा दिसतो आणि फिल्म फिल्मसारखी, हे तिचे मोल आहे. ग्रेन पुसून माणसांचे चेहरे मेणाचे करणाऱ्या डिस्क बाजारात येतात, त्या आपल्याच तक्रारींना घाबरून येतात. 'ग्रेन आहे' ही तक्रार लिहिण्याआधी तो ग्रेन फिल्मवरचा आहे का, हे पाहायला हवे.

त्याच चित्रपटासंबंधी एप्रिल २०२४ मध्ये आणखी एक खुले पत्र लिहिले गेले, आणि ते प्रेक्षकांनीही लक्षात ठेवावे असे आहे. चित्रपटाने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर कमावले. त्यातल्या तीन कलाकारांनी, ज्यांनी कॅमेराही धरला आणि संवादही ऐन वेळी स्वतःचे बोलले, हक्क बाळगणाऱ्या लायन्सगेट कंपनीकडे आधीचा व पुढचा रास्त मोबदला मागितला, आपली नावे आणि चेहरे वापरताना सल्लामसलत व्हावी असे म्हटले, आणि नव्या दिग्दर्शकासाठी दरवर्षी ६० हजार डॉलरचे साहाय्य द्यावे असेही सुचवले. रोमेरो आणि मंडळींना सूचनेची एक ओळ राहिल्यामुळे घरोघरी विकल्या गेलेल्या त्या शेकडो आवृत्त्यांतून काही मिळाले नाही. इथे चित्रपटाचे हक्क शाबूत असूनही या कलाकारांना रास्त वाटा मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मत नोंदवताना 'ही डिस्क कोणी काढली, निर्मात्यांच्या संमतीने काढली का' एवढी माहिती आपण दिली, तर पैसे कोणाच्या हातात पडतात याची थोडी तरी चाड ठेवणारा ग्राहक तयार होईल.

घरून लिहिलेल्या चार ओळींनी काही होत नाही, असे कोणी म्हणेल. आपल्याच माणसाचे उदाहरण देते. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' खर्चाच्या दृष्टीने या पत्रातल्या चित्रपटांसारखा नव्हता, पण १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याला चित्रपटगृहांत बेताचाच प्रतिसाद मिळाला होता. पुढची सहा वर्षे लोकांनी तो घरी पाहिला, एकमेकांना सांगितला, 'मोठ्या पडद्यावर पाहायला हवा होता' असे पुन्हा पुन्हा लिहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. घरच्या पडद्यावर पाहताना काय हरवले, हे ज्यांनी नेमके लिहिले, त्यांचाही त्यात वाटा होता.

खोट्या कौतुकाविषयी मी फार लिहीत नाही. ओळखीच्या माणसाचा चित्रपट म्हणून पाच तारे देणे हे चांगुलपणाचे वाटते, पण ते वाचून पाहणाऱ्या पहिल्या दहा अनोळखी प्रेक्षकांचा विश्वास त्यामुळे जातो, आणि मग त्या दिग्दर्शकाच्या दुसऱ्या चित्रपटाकडे ते फिरकत नाहीत. चित्रपट फसला असेल तर फसला असेच लिहावे. लेखन ढिसाळ आहे, शेवट जमलेला नाही, अभिनय कच्चा आहे, हे दोष कुठल्याही प्रतीत तसेच दिसतात आणि ते दाखवणे हा प्रेक्षकाचा हक्कच आहे. अंधार, आवाज, रंग, कडा आणि वेग यांच्याविषयी लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा, कारण तिथे आपण आणि दिग्दर्शक यांच्यामध्ये आणखी पाच-सहा जणांचे हात लागलेले असतात.

मी माझी २००४ ची नोंद पुसलेली नाही. ती तशीच ठेवून तिच्याखाली लिहिले आहे: 'वरील मत दोन तबकड्यांच्या व्हीसीडीवरून दिलेले होते. २०१६ च्या रिस्टोरेशनची ब्लू-रे पाहिल्यानंतर छायाचित्रण आणि ड्वेन जोन्स यांच्या अभिनयाविषयीची माझी विधाने मी मागे घेत आहे. तळघरातला प्रसंग लांबला आहे, हे मत कायम आहे.' आपल्याही जुन्या नोंदींत अशी एखादी ओळ घालण्याजोगी जागा असेल, तर ती या आठवड्यात घालावी, एवढे मागणे आहे.

आपली,
मिरजेची एक सहप्रेक्षक